लेबल न वाचता ओतलेलं तेल

तो गाडी चालवत नाही, ढकलत आला.

चार जाडजूड टायरांची एटीव्ही, चिखलात, दगडधोंड्यांत कुठेही जाणारी. आणि तिचा मालक तिला अडलेल्या म्हशीसारखी मागून रेटत आमच्या गॅरेजच्या दारात आणत होता. भर दुपारी धुकं होतं. त्याच्या केसांवर पाण्याचे बारीक थेंब, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. मला हसू आवरेना, म्हणून मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"हसून झालं की मिस्त्रींना बोलवा," तो म्हणाला.

"मिस्त्री चहाला गेलेत. मी आहे."

"तुम्ही तर काउंटरवर आहात."

"काउंटरवर बसवलंय मला. माझ्या मनाने नाही बसले."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. बिथरलेल्या जनावराला गोंजारणाऱ्या माणसाची नजर असते, तशी शांत नजर. आणि खरंच, तो जनावरांचा डॉक्टर निघाला. वरच्या पठारावरच्या वस्त्यांमध्ये तो लसी घेऊन जायचा, आणि त्या वाटेने ही एकच गाडी चढायची. चौथ्या दिवशी तिथल्या सगळ्या वासरांना लस टोचायची होती.

गॅरेज माझ्या बाबांचं. दहा वर्षांची असल्यापासून मी तिथे पाने उचलून देत आले, मग स्वतः नट सोडवत आले. पण बाबांची पाठ धरली, कारभार काकांच्या हातात गेला आणि मी काउंटरवर गेले. बाईमाणूस दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं, असं काकांचं म्हणणं. गिऱ्हाईक कधी बिचकलं नव्हतं. काकाच बिचकायचे.

मिस्त्री म्हणजे हेच काका, आणि ते चहाहून परत यायला अजून वीस मिनिटं होती. मी काउंटरवरून उतरले, इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून धरला, वरचा गिअर टाकला आणि हातातला क्लच हळूहळू सोडला. धडधाकट गाडी असती तर इंजिन गचकन बंद पडलं असतं. ही आपली नुसती गुरगुरत राहिली. क्लचची केबल पाहिली, ती बरोबर होती. मग तेल तपासायची कांडी काढून नाकाशी धरली. तेलाला करपट वास येत होता.

"क्लचच्या प्लेटा झिजल्यात," मी सांगितलं. "इंजिनात ताकद आहे, ती चाकांपर्यंत पोचत नाहीये."

"नुसत्या वासावरून सांगताय?"

"तुम्ही काय गाईला विचारून औषध देता?"

तो हसला… आधी डोळ्यांनी, मग तोंडाने. मला ते हसणं आवडलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

काका आले, त्यांनी दुरूनच आवाज ऐकला आणि इंजिन गेल्याचं जाहीर केलं. सगळं उघडायचं, पंधरा दिवस लागतील. मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नये. मी म्हणाले, मोठ्यांनी उंटावरून शेळ्या हाकू नयेत. आवाज इतका चढला की आतल्या खोलीतून बाबा कमरेचा पट्टा सावरत बाहेर आले. डॉक्टर हळूच म्हणाला की, माझ्यावरून घरात भांडण नको, मी गाडी दुसरीकडे नेतो. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने स्टुलावर बसला.

बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. "ही गाडी तिच्या एकटीच्या हातची. ओझं घेऊन मागची चढण चढली, तर कामाचं टेबल तिचं. नाही चढली, तर ती काउंटरवर, आणि हा विषय पुन्हा या घरात निघणार नाही."

काका खुशीत होते. मीही होते.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही डॉक्टर काम आटोपून आला. म्हणे, मदत करतो. मदत कसली, लुडबुडच होती. पण हात स्वच्छ होते आणि सांगितलेलं ऐकायचा. मी तेल काढलं, कव्हर उघडलं, स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे सैल करत प्लेटा एकेक बाहेर काढल्या. घासून काळ्या पडलेल्या, मापात बसत नव्हत्या. मधल्या लोखंडी प्लेटा तापून निळसर झालेल्या. काकांना मुद्दाम बोलावून दाखवल्या. ते म्हणाले, बघू, चढण अजून जागेवरच आहे.

नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजत ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला करपतात. त्यात माझ्याकडचं तेल संपलं. डॉक्टर म्हणाला, तेवढं मी आणतो, आणि अर्ध्या तासात एक चकचकीत डबा घेऊन धापा टाकत हजर झाला.

मी तेल ओतत होते आणि तो कव्हरची कड कापसाने पुसत होता. इतक्या हलक्या हाताने, की जणू लोखंडाला दुखेल. बाह्या वर केलेल्या, गालावर काजळीचा एक फराटा — आणि तोंडाने एका शेळीची तक्रार चाललेली, जिने त्याच्या खिशातला थर्मामीटर पळवला होता.

"पुसायला सांगितलंय, घासायला नाही," मी म्हणाले.

"तुम्ही तेलाकडे बघा, माझ्याकडे काय बघताय?"

"मी कव्हरकडे बघतेय."

"मग कव्हर लाजतंय, असं समजतो," तो म्हणाला, आणि माझा हात हलला. दोन थेंब जमिनीवर सांडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडीवर वाळूची दोन पोती बांधून मी चढणीला लागले. खाली बाबा, काका आणि डॉक्टर उभे. निम्म्यापर्यंत गाडी झकास गेली. मग इंजिनाचा आवाज चढत गेला आणि वेग उतरत गेला… आणि गाडी थांबली. तसंच्या तसं दुखणं. ब्रेकवर धरत धरत मी ती खाली आणली. 

काका नुसते काउंटरकडे पाहून हसले. बोलण्यापेक्षा ते जास्त झोंबलं.

प्लेटा मापाच्या होत्या. स्प्रिंगा नव्या होत्या. केबल दोनदा पाहिली होती. उरलं फक्त तेल. मी रिकामा डबा उचलला आणि त्याच्यावरचं लेबल, जे ओतण्याआधी वाचायचं असतं, ते आता वाचलं. मोटारीचं तेल. मोटारीचा क्लच तेलाबाहेर असतो; हिचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला. मोटारीच्या त्या भारी तेलात निसरडेपणासाठी जे घालतात, त्यानेच माझ्या नव्याकोऱ्या प्लेटा घसरत होत्या.

"तेल चुकलंय," मी म्हणाले.

"नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं," काका म्हणाले.

बाबांच्या गॅरेजचा एक जुना नियम आहे. ज्याची चूक त्याने गिऱ्हाइकासमोर सांगायची, आणि कारणासकट सांगायची. कारण लपवलं की चूक पुन्हा होते, असं बाबा म्हणतात. एवढ्या वर्षांत काकांनी एकही चूक सांगितली नव्हती, म्हणजे त्यांची कधी झालीच नसणार.

"तेल मी ओतलं," मी म्हणाले. "लेबल वाचलं नाही."

"तू?" बाबा म्हणाले. "मिठाच्या पुडीवरचं लेबल वाचणारी तू. कारण?"

डॉक्टर पुढे झाला, डबा मीच आणला वगैरे सुरू केलं. मी त्याला हाताने थांबवलं. खोटं कारण देऊन ते टेबल मिळवायचं नव्हतं मला.

"मी डब्याकडे बघत नव्हते. यांच्याकडे बघत होते. हे मला आवडतात."

डॉक्टरचा चेहरा पाहायची माझी हिंमत झाली नाही.

काकांना आधी कंठ फुटला. झालं, संपलं, हेच तर मी सांगत होतो, पोरीने गिऱ्हाइकांकडे बघत बसायचं आणि गाड्यांनी भोगायचं. टेबलाचं नाव काढू नकोस.

"टेबलाचं नाव काढणार," मी म्हणाले. "टेबलावर काम करणार आणि ज्याच्याकडे बघावंसं वाटेल त्याच्याकडे बघणारही. चूक लेबल न वाचण्याची होती काका, आवडण्याची नव्हती."

बाबांनी बराच वेळ पट्टा घट्ट केला, सैल केला. मग म्हणाले, "उद्या सकाळी पुन्हा. एकदाच."

डॉक्टर मात्र एक शब्द न बोलता निघून गेला. मी सगळं तेल काढलं, प्लेटा पुन्हा सोडवून एकेक पुसली, योग्य तेलात भिजवली. आणि हो, रडले. पण लेबल तीनदा वाचून.

सकाळी तो लसींची पेटी घेऊनच आला; दुपारी त्याला पठारावर निघायचं होतं. मी आधीच बजावलं, कालचं बोलणं ओझं समजू नका, आज फक्त गाडीचं बघायचंय. तो पोत्यांना टेकून मागे बसला. आता ओझं पोत्यांचं आणि डॉक्टरचंही. क्लच सोडला, तशी गाडी जी पुढे झेपावली… निम्मी चढण, अवघड वळण, शेवटचा खडा चढ. कुठे अडली नाही, कुठे घसरली नाही. माथ्यावर जाऊन मी इंजिन बंद केलं.

"मला कुणी कारण विचारलंच नाही," तो मागून म्हणाला.

"कशाचं?"

"लेबल मीही वाचलं नव्हतं. दुकानात समोर दिसला तो डबा उचलला. तुमच्यासोबतची उरलेली संध्याकाळ दुकानात घालवायची नव्हती… गाडी झाली की यायला निमित्त उरणार नव्हतं."

मी वळून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"मग काल गप्प का गेलात?"

"तुम्ही एवढ्या धीराने बोललात. मला रात्रभर तालीम करावी लागली."

मला त्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली. पण नियम म्हणजे नियम. मी इंजिन चालू केलं. "इथे सांगून चालत नाही. खाली चला. बाबांसमोर आणि काकांसमोर."

"आत्ता?"

"आत्ता."

आणि त्याने सांगितलं. गॅरेजच्या दारात, दोन्ही हात पाठीमागे बांधून, अडखळत, पण कारणासकट सगळं. काका ऐकता ऐकता खाली बसले, ते नेमके काउंटरच्या खुर्चीवर.

बाबा म्हणाले, "दोघांची चूक एकच निघाली. टेबल मात्र एकीचंच."

मी माझे पाने काउंटरखालून काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. डॉक्टर अजून दारातच उभा, पुढे काय करायचं ते न सुचून.

"उभा काय राहिलास," मी म्हणाले, "तो दहाचा पाना दे इकडे."

काकांनी तो एकेरी शब्द ऐकला आणि दचकून वर पाहिलं. त्यांनी ऐकावा म्हणूनच मी तो मोठ्याने बोलले होते.