खांबाजवळची जागा

"जपून रे बाबांनो! भिंतीला घासू देऊ नका... आणि तिथं पोचल्यावर जिना अरुंद आहे, तेव्हा लांब बाक आधी उभं करा, मगच वळणावर वळवा. तिसऱ्या मजल्यापर्यंत दमानं न्या, घाई कुणालाच नाही!"

कफ्तानाचा घोळ कमरेला खोचून बतूल अंगणाच्या मधोमध उभी होती. सकाळपासून तिनं एकेका बाकाला जुन्या चादरींत गुंडाळलं होतं, लोड दोरीनं बांधले होते, आणि दोघा हमालांना मध घालून गरम गरम घडीच्या पोळ्या खाऊ घातल्या होत्या. पण हमाल आता एकमेकांकडे बघत होते. दारात खेचराचा लगाम धरून उभा असलेला बा अल्लाल दाढी खाजवत म्हणाला,

"कुठला जिना, लल्ला?"

"अहो, माझ्या भावाच्या नव्या घराचा! आणखी कुठला?"

"माझं दुकान तर तळमजल्यावर आहे... जुन्या सामानाच्या गल्लीत." म्हातारा ओशाळला. "तुमच्या भावानं, सी मफद्दलनी, परवाच सौदा केला. तुम्हाला... ठाऊक नव्हतं?"

बतूलच्या कानांत एकाएकी तांबटांच्या अख्ख्या बाजाराचे हातोडे वाजू लागले. ज्या बाकावर तिचा हात होता, त्या बाकावरून तो हात तिला उचलता येईना!

"नको असेल तर नाही नेत," बा अल्लाल हळूच म्हणाला.

"न्या," ती म्हणाली. "माझ्या भावानं शब्द दिलाय ना... न्या."

लल्ला ही बाईमाणसाला मानानं मारायची हाक, आणि घरात थोरल्या बहिणीला. पण ह्या थोरलीनं आईचंही काम केलं होतं आणि बापाचंही, आणि मोबदला मात्र एकाचाही घेतला नव्हता. आई गेली तेव्हा मफद्दल पाच वर्षांचा होता आणि बतूलचं लग्न ठरलं होतं. नवरामुलगा चांगला होता, त्याच्या घरचे सावध होते. पोराला मावशीकडे ठेवा म्हणाले. मफद्दलनं तेव्हा तिच्या कफ्तानाचं टोक मुठीत असं काही घट्ट धरलं होतं, की झोपेतही ती मूठ सुटेना... मग लग्नच सुटलं. रुखवतातल्या चादरी पेटीत गेल्या. पांढऱ्या कापडावर निळ्या रेशमाचं भरतकाम, सुलट बघा की उलट बघा, दोन्हीकडून सारखंच. ऐन तारुण्याची वर्षं त्या टाक्यांत गेली होती, आणि त्या चादरींवर कुणी कधी झोपलं नव्हतं.

मफद्दल शिकला, नोकरीला लागला. फेझ शहराच्या नव्या वस्तीत त्यानं घर घेतलं, वियाम नावाच्या मुलीशी लग्न ठरवलं. जुनं भाड्याचं घर सोडायचं होतं. नव्या घराची बैठकीची खोली दाखवायला त्यानं बतूलला नेलं, तेव्हा ती सुतळी घेऊन गेली होती. भिंतीभिंतीला सुतळी लावून तिनं गाठी मारल्या. एका कोपऱ्यात, खिडकीखालीच, एक खांब आडदांड पाहुण्यासारखा मध्ये घुसला होता.

"हा मेला इथं कशाला आलाय?" ती म्हणाली होती.

मफद्दल हसला होता. "तुझ्यावर पहारा द्यायला! ही खिडकीखालची जागा तुझी, लल्ला. दिवसा बस, रात्री झोप. तुला कुणी उठवणार नाही."

हे त्याच्याच तोंडचे शब्द होते! तेवढ्या एका वाक्यावर बतूल सारा हिवाळा जगली. वडिलांच्या वेळची बाकं तिनं गच्चीवर काढली, थरावर थर बसलेला रंग खरवडला, जवसाचं तेल पाजून पाजून लाकडाचा मूळ रंग वर आणला. सुतार म्हणाला, खांबापाशी बाक बसणार नाही, तेवढी जागा मोकळी सोडा. मोकळी कशी सोडायची? तिथंच तर तिचं डोकं टेकणार होतं! तिनं स्वतः करवत घेतली आणि सुतळीच्या गाठींबरहुकूम खांबाएवढी खाच कापली. हाताला फोड आले. शेजारणी म्हणाल्या, बतूल सुतारीण झाली, आता हिला मिशा फुटतील.

गाद्या उसवून लोकर धुतली, काठ्यांनी झोडपली, उन्हात वाळवली, पिंजली. आईचे विटके पडदे डाळिंबाच्या सालींत उकळले, ते केशरी-पिवळे होऊन निघाले. शेवटी अभ्र्यांचा प्रश्न आला. बाजारात कापड मिळत नव्हतं असं नाही. पण तिनं पेटी उघडली. निळी नक्षी तशीच टवटवीत होती, तिच्यापेक्षाही. कात्री हातात घेऊन ती कितीतरी वेळ बसून राहिली... आणि मग "बिस्मिल्ला" म्हणून तिनं आपल्या लग्नाची चादर कापली. कात्रीचा तो आवाज तिला पुढे कित्येक दिवस ऐकू येत होता, पण दुःखासारखा नव्हे. अखेर ते कापड कुणाच्या तरी संसाराला लागत होतं!

आणि तोच संसार आज खेचराच्या पाठीवर लादला जाऊन गल्लीच्या वळणाआड दिसेनासा झाला.

दुपारी मफद्दल आला. रिकाम्या खोलीत त्याची पावलं घुमली. बतूल जमिनीवर बसली होती.

"लल्ला... मी तुला आजच सांगणार होतो."

"सांग की. बा अल्लालनं अर्धं सांगितलंय, उरलेलं तू सांग."

"नवीन बैठक मागवलीय. तयार मिळतात हल्ली, स्पंजच्या. हलक्या, झटकायला सोप्या. वियामच्या घरच्यांना..." तो खिडकीकडे बघत राहिला. "आणि तो तिसरा मजला, तुझे गुडघे... मक्नासला जहरामावशी एकटीच आहे. थोडे दिवस तिच्याकडे राहिलीस तर तिलाही सोबत होईल."

"थोडे म्हणजे?"

त्यानं खिडकीची कडी उघडली आणि परत लावली.

"खिडकीखाली कोण झोपणार मग?"

"लल्ला, वियामलाच नकोय गं! नवी नवरी आहे, तिला घर स्वतःपुरतं हवंय. मी काय करू?"

बतूलनं त्याच्याकडे पाहिलं. ह्या चेहऱ्याला गोवर आला तेव्हा रात्रंदिवस तिनं पंखा घातला होता, ह्याच गालांवरचे अश्रू ओढणीनं टिपले होते. आणि आज तो चेहरा तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. तिचं अंतःकरण विदीर्ण झालं... पण आवाज मात्र विलक्षण शांत निघाला.

"काही करू नकोस. माझी पेटी तेवढी गाडीवर चढवून दे. आता ती जड नाही."

लग्नात ती गेली, हसली, टाळ्या वाजवल्या. वियामनं रीतीप्रमाणे तिच्या हाताचं चुंबन घेतलं, पण मान वर करून पाहिलं नाही. 'गर्विष्ठ आहे!' बतूल मनाशी म्हणाली. 'ज्या कार्टीनं मला घराबाहेर काढलं, ती माझ्याकडे बघेल तरी कशी?'

मक्नासला जहरामावशीनं तिला प्रेमानं घेतलं आणि रोज जेवणाबरोबर एक टोमणाही वाढला. "खा गं, खा. भावाला तूप चारलंस, आता मावशीचं कोरडं खा!" बतूल खाली मान घालून मावशीच्या फाटक्या चादरींना ठिगळं लावायची. रात्री भिंतीकडे तोंड करून निजायची. तिला वाटे, आपण मरून गेलो असतो तर निदान त्या घरात आपली तसबीर तरी लागली असती...

द्राक्षांचे दिवस सुरू झाले होते. एका शुक्रवारी दार वाजलं. दारात वियाम उभी! घामाघूम, डोक्यावरचा रुमाल सरकलेला.

"या सूनबाई," मावशी खोकली. "आता काय न्यायचं राहिलंय?"

वियामनं ते ऐकलंच नाही. ती सरळ बतूलपुढे येऊन बसली. "लल्ला, मला एकच सांगा. मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

बतूलनं सुई खाली ठेवली. "मी... मी कुठं काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणालात ना, की नव्या नवरीच्या हाताखाली मी राहणार नाही? वडिलांची बैठक तिच्या घरात पाठवणार नाही, त्यापेक्षा विकून टाकेन? मफद्दलनं सांगितलं मला. लग्नाच्या दिवशी मी तुमच्याकडे बघू शकले नाही, रडू फुटलं असतं म्हणून!"

बतूलला आपल्या भावाचा सारा खेळ एका दृष्टीत दिसला... इकडे एक खोटं, तिकडे दुसरं, आणि मधोमध तो सुखरूप! विश्वासघाताला तळ असतो असं तिला वाटत होतं. आज तो तळही खचला. एक शब्द बोलली असती तर त्याचा संसार तिथंच उसवला असता. आणि एवढं होऊनही तिच्या तोंडून शब्द निघाले ते असे:

"हो... म्हणाले असेन मी. माणूस रागात बोलतं काहीबाही..."

"खोटं!" वियाम ओरडली, आणि तिचे डोळे घळघळा वाहू लागले. "त्याच्यासाठी अजून खोटं बोलता, लल्ला? ती स्पंजची बैठक त्या खांबापाशी बसतच नाही. मध्ये ही एवढी फट! चमचे पडतात, उशा पडतात, परवा माझी सासरची अंगठी पडली. म्हणून मी तिथं बसेल असं कुठं छोटं बाक मिळतंय का बघायला जुन्या सामानाच्या गल्लीत गेले. एका म्हाताऱ्याच्या दुकानात धूळ खात एक बाक पडलेलं. म्हणाला, हे कुणी घेत नाही, पोरी, ह्याला कोपरा कापलाय, कुणाच्याच घरात बसायचं नाही. खांबाचं माप घेतलेली सुतळी मी त्याला लावली. लल्ला, बोटभरही फरक नव्हता! मी विचारलं, हे कापलं कुणी? तो म्हणाला, एका लल्लानं. तिला वाटत होतं आम्ही ते तिच्या भावाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर नेतोय..."

जहरामावशीनं न बोलता पाण्याचा पेला तिच्या पुढ्यात सरकवला.

"जिला यायचंच नव्हतं, तिनं त्या खांबासाठी बाक कापलं असतं का?" वियाम हुंदके देत म्हणाली. "घरी जाऊन मी मफद्दलला धरलं. सगळं ओकला. तरी मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. खाली गल्लीत उभा आहे. मी सांगितलंय, लल्लानं हाक मारल्याशिवाय पायरीला पाय लावायचा नाही."

बतूल उठली. खिडकीशी गेली. खाली भिंतीच्या सावलीत मफद्दल उभा होता. तिनं हाक मारली नाही. नुसती उभी राहिली, त्याला दिसेल अशी. तो वर आला.

आला आणि तिच्या पायांशी कोसळला. "मार मला, लल्ला! हवं ते बोल!"

तिचा हात सवयीनं त्याच्या केसांकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत थांबला.

"का रे?" तिनं एवढंच विचारलं.

"ते अभ्रे..." त्यानं वर पाहिलं. "पहिला अभ्रा तू मला दाखवलास ना, तेव्हा ओळखलं मी. त्या चादरी आहेत ह्या. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणणार, किती सुंदर, कुणाचं रुखवत? मी काय सांगू? माझ्यापायी जिचं लग्न मोडलं, तिचं! रोज त्याच्यावर टेकून मी चहा पिऊ? आणि समोर खिडकीखाली तू बसलेली... मला श्वास घेता येईना गं! मी पाच वर्षांचा होतो, लल्ला. मी मागितलं नव्हतं!"

शेवटचं वाक्य बाणासारखं आलं आणि रुतून बसलं. कारण ते खरं होतं. पोरानं फक्त कफ्तान धरलं होतं. बाकी सारं तिचं तिनं दिलं होतं, आणि कदाचित दिलेलं त्याला विसरू द्यायचं नव्हतं म्हणूनच तिनं नेमकी तीच चादर कापली होती का? तिलाच ठाऊक नव्हतं.

"मागितलं नव्हतंस," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज थरथरत होता. "पण तोंड होतं ना तुला? म्हणायचं होतंस, लल्ला, हे मला पेलत नाही. मी साधं पट्ट्यापट्ट्यांचं कापड घातलं असतं! तू तर बाकांबरोबर मलाही विकलंस रे... आणि ह्या पोरीच्या मनात माझ्या नावानं विष कालवलंस. ते बाक परत येईल. हे कसं परत आणशील?"

तो लहान मुलासारखा, नाक-डोळे एक करून रडत होता. वियाम भिंतीला टेकून रडत होती. मावशी तेवढी कोरडी होती, पण तिनं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती. आणि बतूलच्या मनात क्षमेचा लवलेश नसताना, वर्षानुवर्षांची सवय तोंडातून आपोआप बाहेर पडली:

"जेवलास का?"

पंधरा दिवसांनी ती फेझला आली. गुडघ्यांवर हात ठेवत, मध्ये मध्ये थांबत, तिसरा मजला चढली. मफद्दल मागे होता. हात धरू का म्हणाला, तर ती "नको" म्हणाली. अजून तेवढं झालेलं नव्हतं.

बाकं आली होती. बा अल्लालनं बरेच अभ्रे विकून टाकले होते. कुठल्या कुठल्या अनोळखी घरांत तिचं निळं रेशीम पसरलं होतं. उरलेल्यांच्या जोडीला वियामनं आपल्या हातानं पट्ट्यांच्या कापडाचे अभ्रे शिवले होते. टाके असे, की जणू कोंबडी चालत गेली होती! ते उसवायला बतूलची बोटं शिवशिवली. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि खिडकीखाली बसून राहिली.

"वाईट झालेत ना?" वियामनं भीतभीत विचारलं.

"फार वाईट," बतूल म्हणाली. "पण मी हात लावणार नाही. तुझं घर, तुझे टाके."

आतून भांड्यांचा आवाज आला, मग काहीतरी सांडल्याचा, मग मफद्दलचं पुटपुटणं. तो आयुष्यात पहिल्यांदा पुदिन्याचा चहा करत होता. तबक घेऊन तो आला, बहिणीपुढे गुडघ्यांवर बसला, किटली उंच धरायला गेला आणि निम्मा चहा तबकात ओतला. बतूलनं एक घोट घेतला. पुदिना करपट, साखर जेमतेम दाखवायला. उठून दुसरा करावा असं तिच्या रोमरोमात आलं.

ती उठली नाही. तळापर्यंत प्याली, आणि रिकामा पेला भावापुढे धरून म्हणाली,

"आणखी घाल."