आजीचं विरजण आणि चाळीस वाटाणे

चौदापेक्षा सतरा जास्त, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. मग अप्पा नाही म्हणून मान का हलवत होते?

चंद्रावर एकदा उजाडलं की पृथ्वीचे चौदा दिवस मावळत नाही. ते संपत आले की वसाहतीतल्या माणसांची अंगं पार आंबून जायची. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गद्रेकाकूंना तर बोलायचाही कंटाळा आला होता.

"शर्वाणी, वीस वाट्यांना तुझ्या आजीचं विरजण लावलं, विसांना प्रयोगशाळेतलं नवं. जुन्याच्या चौदा लागल्या, नव्याच्या सतरा. शीतकपाटात जागा एकालाच आहे. टाकून दे जुनं, वाद नको बाई."

शर्वाणीच्या आजीने ते मिरजेहून डबीतून आणलं होतं. आजी गेली, मागे तेवढंच उरलं. ते फेकलं तर पुन्हा कुठून आणायचं?

तिचे आजोबा, अप्पा, संख्याशास्त्रज्ञ (आकड्यांचा अर्थ लावणारे) होते. दमले तेही होते, पण आकडे दिसले की त्यांना गप्प बसवत नसे.

"दोन्हींचं प्रमाण (विसातला वाटा) वेगळं आहे खरं," ते म्हणाले. "पण हा फरक विरजणामुळे पडला की नशिबाने? घटकाभर धरू, दोन्ही सारखीच. याला शून्य गृहीतक (फरक नाहीच असं मानून चालणं) म्हणतात. मग एकतीस वाट्या लागणारच होत्या, नऊ बिघडणारच होत्या. कुठली कुणाकडे गेली, हा निव्वळ योगायोग."

शर्वाणीने एकतीस पांढरे (लागलेल्या वाट्या) आणि नऊ हिरवे (बिघडलेल्या) वाटाणे पातेल्यात मिसळले. डोळे मिटून वीस काढले, ते 'जुने'. उरलेले 'नवे'. दोन्हीकडचे पांढरे मोजले. तिनाचा किंवा त्याहून मोठा फरक पडला की एक खूण करायची. दहा वेळा करून तिचे हात भरून आले. मग स्वयंपाकघरातल्या घुसळ्या यंत्रमानवाने कुरकुरत शंभर खेपा पुऱ्या केल्या.

खुणा झाल्या शेहेचाळीस!

"म्हणजे नुसत्या नशिबानेही एवढा फरक जवळजवळ निम्म्या वेळा पडतो," शर्वाणी पुटपुटली. "शंभरातून चार-पाचदाच पडला असता, तर नशिबावर संशय घ्यावा लागला असता."

"म्हणजे आजीचं नव्याच्या तोडीचं आहे?" काकूंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही काकू," ती कशीबशी म्हणाली. "कदाचित ते वाईटही असेल. वीस वाट्यांवरून कळत नाही, एवढंच. खूप जास्त लावाव्या लागतील."

काकू सुस्कारा सोडून उठल्या आणि जागा व्हावी म्हणून शीतकपाटातली आपली लोणच्याची बरणी त्यांनी बाहेर काढली.

"ठेव दोन्ही. दोनदोनशे वाट्या लावू. वाईट ठरलं तर मात्र टाकायचं हं."

"टाकीन," शर्वाणी म्हणाली. तिने बाह्या सावरल्या आणि दूध तापत ठेवलं.