तिसऱ्या पिंपावरचं लाल बोट

काल खंडेनवमीला आम्ही सात निळ्या पिंपांना हळदीची सात बोटं लावली. सातही पिवळी. कुंकवाची पुडी बाबा घरीच विसरले होते, त्यामुळे कुंकवाचा प्रश्नच नव्हता. आणि आज दसऱ्याच्या सकाळी बघते तर काय, तिसऱ्या पिंपावरचं बोट विटकरी लाल!

मी ऊर्मी म्हात्रे. बारावीत आहे, साल २०५२. माझे बाबा खाडीकाठच्या घातक कचरा केंद्रात (कारखान्यांतली धोक्याची रसायनं निकामी करण्याची जागा) सुपरवायझर आहेत. पिंपं उचलतो तो भीमा, आमचा रोबो.

खरं सांगते, आज माझं डोकं आधीच तापलेलं होतं. कॉलेजात कोणता विषय घेणार, ते दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं आणि बाबांच्या संमतीशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. मला घातक रसायनं सांभाळायचंच काम शिकायचंय. बाबांना तेच नको. ते मला उजवा हात दाखवतात. तरुणपणी त्यावर आम्ल उडालं होतं, कातडी अजून आक्रसलेली आहे.

"हे बघून तरी शहाणी हो," बाबा म्हणाले. "पिंपं उचलायला भीमा आहे. तू कॉम्प्युटर घे."

"हात भाजला, कारण पिंपात काय आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं! मला तेच शिकायचंय."

"उलट बोलू नकोस. भीमा, सातही पिंपं ट्रकवर चढव. आम्लाची आहेत, बाकीच्या आम्लाच्या पिंपांशेजारी ठेव."

आता गंमत ऐका. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं, गाड्या, हत्यारं सगळं घासूनपुसून लख्ख करतात. यंदा भक्ती इतकी उतू गेली की पिंपांवरची लेबलंसुद्धा धुऊन निघाली! सातही पिंपं एकाच कारखान्यातून आली, म्हणजे सगळ्यांत आम्लच असणार, असं बाबा धरून चालले होते.

"बाबा, तिसऱ्यावरचं बोट लाल झालंय!"

"कुंकू," भीमा म्हणाला. "पूजेचं साहित्य. हवेत विषारी वायू नाही. धोका शून्य."

"अरे ठोंब्या, कुंकू आणलंच नव्हतं!"

भीमा पुढे निघाला. मग मी ट्रकसमोरच्या पिवळ्या पट्ट्यावर सरळ बसकण मारली. पट्ट्यावर माणूस असेल तर रोबोनं हलायचं नाही, असा नियम आहे. भीमा थबकला.

"ऊर्मे, ऊठ!" बाबा ओरडले.

"नाही उठत! त्यात काय आहे ते कळल्याशिवाय मुळीच नाही उठणार."

मागून हसण्याचा आवाज आला. इंदूआजी. बाबांची आत्या, चाळीस वर्षं रसायनशास्त्रज्ञ होती. आपट्याची पानं द्यायला आली होती.

"पोरीचं ऐक रे जरा," ती बाबांना म्हणाली. "ऊर्मे, कुंकू कशाचं करतात?"

"हळदीचं. हळदीत चुना घालून."

"बरोबर. चुना म्हणजे आम्लारी (आम्लाच्या उलट स्वभावाचा पदार्थ, साबणाचं पाणीही त्यातलंच). आम्लारी लागली की हळद लाल होते. म्हणून हळद हा दर्शक (रंग बदलून पदार्थाचा स्वभाव सांगणारा) आहे. मग त्या पिंपावर काय झालं?"

"झाकणातून आम्लारी पाझरतेय!"

"नुसतं म्हणून चालत नाही. तपासून दाखव."

मी टिपकागदाच्या दोन पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवल्या. पिंपाजवळ मी गेले नाही. भीमानं लांब चिमट्यानं एक पट्टी दुसऱ्या पिंपाला लावली, ती पिवळीच राहिली. दुसरी तिसऱ्या पिंपाच्या झाकणाला लावली, ती लाल झाली. ट्रकच्या चाकाखाली ठेवायला आणलेलं लिंबू आजीनं कापलं आणि चिमट्यातल्या लाल पट्टीवर लांबूनच रस पिळला. पट्टी पुन्हा पिवळी!

"लिंबू म्हणजे आम्ल," आजी म्हणाली. "आम्ल आणि आम्लारी भेटली की एकमेकांना निकामी करतात. थेंब असेल तर काही कळतही नाही. पण पिंपभर तीव्र आम्लारी आणि पिंपभर तीव्र आम्ल ट्रकवर एकत्र सांडलं, तर इतकी उष्णता निघते की मिश्रण उकळून अंगावर उडतं. बहुधा कॉस्टिक सोडा आहे हा. त्याची वाफ येत नाही, म्हणून भीमाला वास लागला नाही."

बाबांनी ट्रककडे पाहिलं. ट्रक पोचला की पिंपं उतरवून घेणारी चार माणसं त्यांच्याच हाताखालची होती.

"भीमा, तिसरं पिंप वेगळं ठेव," ते म्हणाले. "बाकीची सहाही तपासून होईपर्यंत हलवायची नाहीत."

मी आजीला विचारलं, "पण मी नक्की कोणता विषय घेऊ? रसायनशास्त्र, रासायनिक अभियांत्रिकी, विषशास्त्र... डोकं गरगरतंय."

"तिन्हींचा रस्ता याच कामाकडे येतो. हे काय आहे, असं विचारतो तो रसायनशास्त्राचा. हे कशात ठेवू, कसं हलवू, असं विचारतो तो अभियांत्रिकीचा. अंगात गेलं तर काय होईल, असं विचारतो तो विषशास्त्राचा. आज तुला पहिल्यांदा कुठला प्रश्न पडला?"

"हे काय आहे!"

"मग मला कशाला विचारतेस?"

पावणेबाराला मी अर्ज बाबांसमोर धरला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"भीती वाटते गं मला," शेवटी ते म्हणाले.

"मलाही वाटते. म्हणून तर शिकायचंय."

त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "इथे पाच पसंत्या मागितल्यात. तू एकच भरलीस. बाकीच्या चार?"

"रिकाम्याच राहू देत."

बाबांनी भाजलेल्या हातानं संमतीची सही केली. मग ते भीमाला म्हणाले, "आजपासून शंका आली तर आधी हिला विचारायचं."