मीरकोमिलचा सूर आणि खिळ्यावरचा नान

खोटं सांगून मला काय मिळणार? चाळीस वर्षं रेशमाच्या मागावर काढलीत, पाच पोरं वाढवलीत. शाळा फार पाहिली नाही, पण आमच्या मार्गिलान गावात माझ्या तोंडी लागायची कुणाची हिंमत नाही. जे झालं ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत झालं.

फेब्रुवारीचा दुसरा बुधवार. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

आमचे हे, मीरकोमिल, लग्नांत सिंथेसायझर वाजवायचे. जुनी रशियन पेटी, उचलायला दोन माणसं लागायची. थंडीत चालू केली की सूर खाली पडलेला असायचा. हे निवांत चहा घ्यायचे. दोन पेले संपेपर्यंत पेटी आतून तापायची आणि सूर चढत चढत जागेवर बसायचा.

सहा वर्षांपूर्वी एका लग्नासाठी ताश्कंदला निघाले. निघताना रीतीप्रमाणे नानचा एक घास तोडला. समोरचा दात तुटका, म्हणून त्यांनी चावलं की मधे एक टोक उरायचं. तो नान मी खिळ्याला टांगला. गेलेला माणूस परत येऊन तो संपवतो.

वाटेत कामचिक घाटात बर्फ होतं...

पेटी धड आली. हे कापडात गुंडाळून आले.

सासूबाई म्हणाल्या, "सओदत, नान उतरव. पाखरांना घाल."

नाही उतरवला. घर माझं, खिळा माझा.

पुढे ती पेटी धाकटा इल्होम वाजवायला लागला. या जानेवारीत ती जळाली. आतला सुटा भाग कुठेच मिळेना. आणि शुक्रवारी गल्लीतल्या सोबीरजानच्या घरी लग्नाची सकाळची पुलावाची पंगत होती. त्याचा निरोप आला, "मीरकोमिलचा आवाज असेल तर या. नाहीतर नमनगानचे वाजवणारे तयार आहेत." आमच्याकडे एका घराने नाकारलं की गल्ली नाकारते. पोराचा धंदाच बसला असता.

म्हणून त्या बुधवारी वाद्यांच्या दुकानातला गेना खेगाय तीन नवी डिजिटल वाद्यं घेऊन आला. जुन्या पेटीच्या जागी, नानच्या खालीच मांडली.

पहिलं वाजलं.

"मावशी, याच्यात जुन्या शंभर वाद्यांचे आवाज आहेत!"

"शंभर आहेत, आमचा एक नाही. प्लास्टिकचं फूल आहे हे. उचल."

दुसऱ्याला बटणं भरपूर. इल्होमने एक फिरवलं. आवाज घसरत यायला हवा, तो जिना उतरल्यासारखा पायऱ्या पायऱ्यांनी उतरला.

"यांचा आवाज तुपासारखा ओघळायचा," मी म्हटलं. "हे काय, दगड टाकतोयस?"

तिसरं महागातलं. गेना म्हणाला, "हे मुद्दाम जुन्यासारखं थरथरतं."

ऐकलं. थरथरलं खरं. पण दर वेळी तसंच, तेवढंच.

"मयताला भाड्याने आणलेल्या बाईसारखं रडतंय."

"आई, पुरे ना आता!" इल्होम वैतागला. "परवा वाजवायचंय. कोणतं तरी एक निवड!"

"मी काय निवडू? मला काय कळतं तुमच्या बटणांतलं?"

डोकं उठलं होतं माझं. मान वर करून नानकडे बघून ओरडले, "मग तुम्हीच या ना! तुमचा आवाज, तुम्हीच निवडा!"

सून गुलचिरॉय चहा ओतत होती. हात तसाच थांबला.

"आई... टांगलेल्या नानखाली उभं राहून बोलावू नये..."

"तू मला रीती शिकव!"

इल्होमने तीच पट्टी पुन्हा दाबली.

सूर... खाली पडला होता.

"गेना, हे उतरलं."

"उतरेल कसं? आत नुसते आकडे आहेत. आकड्यांना थंडी वाजते का?"

पुन्हा दाबली. अजून खाली.

मला काय वाटलं कोण जाणे, मी चहाचा एक पेला भरून वाद्याशेजारी ठेवला.

सूर किंचित चढला...

दुसरा पेला भरून ठेवला. पहिला रिकामा होता.

प्यालं कोण, विचारू नका. मी नाही, सून नाही.

दुसरा रिकामा दिसला तेव्हा सूर जागेवर होता. इल्होमने नुसती बोटं ठेवली आणि आवाज ओघळला... तसाच. सहा वर्षांनी.

गेना टोपी विसरून गेला. अजून न्यायला आला नाही.

शुक्रवारी म्हातारे पुलावात हात तसाच ठेवून रडले. सोबीरजानने इल्होमच्या खांद्यावर मानाचा झगा, चापान, घातला. मी ताठ मानेने घरी आले. वर बघितलं.

नानचा आणखी एक घास गेलेला होता. मधे टोक.

मग प्रत्येक लग्नामागे एक घास. सून म्हणायची, उतरवा. मी म्हणायचे, पोराला कामं मिळतायत, गप्प बस. एप्रिलच्या अखेरीस खिळ्याला नुसता दोरा उरला.

त्यांचा नान संपला होता. वाटलं, हे सुटले.

काल इल्होमला ताश्कंदचं लग्न मिळालं. वाट त्याच घाटातली. आज निघायचं म्हणून त्याने रात्रीच नव्या नानचा घास तोडला, मी त्याच खिळ्याला टांगला.

आज सकाळी त्या नानचे दोन घास गेलेले आहेत, दुसऱ्यात मधे टोक.

माझ्या इल्होमचे दात सगळे शाबूत आहेत. त्याचा नान यांनीच संपवला, तर तो परत कशाला येईल?

गाडीची किल्ली मी कमरेला खोचली आणि उंबऱ्यात बसलेय. आत पोरगा ओरडतोय, "आई, हाच आवाज तुला हवा होता ना! आता जाऊ दे मला!"

हवा होता. मीच बोलावलं.

वाद्याची वायर मघाशीच उपटून घेतलीय. ती माझ्या मांडीवर आहे.

आणि आत... सूर हळूहळू चढतोय.