रिकामं जातं

ऐकायचं तर नीट ऐका, दुसऱ्यांदा सांगायचं बळ माझ्यात नाही.

२००९ साल. गोंदियाजवळ नागऱ्याच्या रस्त्यावर आमचं लहानसं संग्रहालय होतं. शाळेची पोरं यायची, जुन्या वस्तू हात लावून बघायची. त्या दाखवायचं काम माझं. त्या दिवशी तिसरीचा वर्ग आला होता आणि त्यात माझी ओमेश्वरी. आई काय काम करते ते बघायला मिळणार म्हणून सकाळपासून नाचत होती.

बिरसीच्या चुन्नीलालनं नुकतंच त्याच्या मेलेल्या आईचं जातं आणून दिलं होतं. जाता जाता म्हणाला, "बाई, मूठभर तांदूळ टाकूनच फिरवजा. रिकामं फिरवलं त मायले चालत नाही."

रिकामं जातं आमच्याकडे कोणीच फिरवत नाही, कोणत्याही म्हातारीला विचारा. पण आमचे साहेब, उदाराम सर, दीडशहाणे. धान्य टाकलं की उंदीर होतात म्हणे. मी भांडले, तर म्हणाले, "मॅडम, पोरांना इतिहास सांगा. अंधश्रद्धा नका शिकवू."

दुपारी लाईन गेली. खोलीत अंधार आणि कोंदट वास. सरांनी नेमकं ओमेश्वरीलाच जात्यापाशी बसवलं.

"फिरव बेटा."

घरघर सुरू झाली. पोरं हसली. मग एकेक मागं सरकलं, कारण जात्याच्या कडेनं पांढरं पीठ पडायला लागलं होतं. आत तर दाणासुद्धा नव्हता.

"ओमे, सोड आता," मी म्हणाले.

"आई... मी नाही फिरवून राहिली..."

खुंट्यावर तिची मूठ आवळलेली होती. मी ओढलं, सरांनी ओढलं. दगड आणखीच जोरात फिरायला लागला. पिठाला जळल्या हाडाचा वास येत होता. शेल्फावर धानाच्या नमुन्यांच्या बरण्या होत्या, त्यातली एक फोडली आणि जात्याच्या तोंडात ओतली.

"घे, रांडे, खा. माझी पोर सोड."

जातं थांबलं. ओमेश्वरी माझ्या अंगावर पडली. सर म्हणतात कसे, "देखा? कुछ नहीं हुआ." त्या माणसाच्या थोबाडीत मी सगळ्या वर्गासमोर दिली. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

पण पोर तोंड उघडेना. पाणीसुद्धा घेईना. संध्याकाळी गोंदियाला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं कसंबसं तोंड उघडवलं, बॅटरी मारली आणि माझ्यावरच चिडला. सकाळी दुधासारखे पांढरे असलेले दात हिरड्यांपर्यंत झिजले होते. जे उरले होते ते काळे ठिक्कर.

"बाई, हे तंबाखूचं काम आहे. एवढीशी पोरगी, दातांना गुडाखू घासते? कब से?"

मी काही बोलायच्या आत ओमेश्वरीनंच उत्तर दिलं, माझ्याकडे न बघता, खाली मान घालून.

"लगन झालं तवापासून."