काल येऊन गेलेली बाई

मॉरिशस बेटावरच्या क्युरपिप गावाच्या धुकट चढावर एक लांबलचक शेड होती. तिथं मनगटी घड्याळांतल्या चाकांचे आस बसवायला लागणारी माणकं भोकं पाडून तयार होत. राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान लाल खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि त्याला केसाहून बारीक भोक पाडायचं. भरलेल्या डब्या स्वित्झर्लंडला जायच्या. पुष्पावतीनं हे काम सतरा वर्षं केलं. पुढं पुढं तर ती दुसऱ्यांचे खडे तपासायला बसायची, आणि तपासायची तिची रीत अख्ख्या शेडला पाठ होती. एकदा डाग दिसला तर धूळ समजायची. दुसऱ्यांदा दिसला तर डोळा थकला समजायचा. तिसऱ्यांदा दिसला, की खडा बाद.

अशा बाईला भुताखेतांच्या गोष्टी सांगायला जावं तर ती आधी चष्मा पुसून घ्यायची. म्हणून पुढं जे घडलं ते तिच्याच बाबतीत घडावं, याचं नवल वाटतं.

तिची धाकटी बहीण कामिनी दोन बाकं सोडून त्याच शेडमध्ये बसायची. दोघींत दोनच वर्षांचं अंतर, आणि चेहरेमोहरे इतके सारखे की बसचा कंडक्टर एकीचे पैसे दुसरीकडं मागायचा. सत्त्याहत्तर साली कारखाना बघायला जिनिव्हाचा एक मध्यमवयीन व्यापारी आला, आन्द्रेसाहेब, फ्रेंचमध्ये मस्यू आन्द्रे. तो माणकं बघायला आला आणि कामिनीला बघून गेला. सहा महिन्यांत लग्न झालं. पुष्पावती या लग्नाच्या विरुद्ध होती आणि तिनं ते तोंडावर सांगितलं. दोघी कडाकडा भांडल्या. विमानतळावरसुद्धा धड बोलल्या नाहीत.

तरी कामिनी दर महिन्याला पोस्टकार्ड पाठवायची. कधी तळ्यातलं उंच कारंजं, कधी फुलांचं घड्याळ, कधी काचेची दुकानं, कधी म्युझियम. मागं चार ओळी, बेटावरच्या क्रेओल बोलीत. "ताई, इथं रेशमी रुमालांना नुसता हात लावायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी रोज जाऊन लावते." एक्याऐंशीच्या मार्चनंतर कार्ड आलं नाही. पाठवलेली पत्रं शिक्का मारून परत आली. सरकारी कचेरीतून उत्तर आलं की बाई सज्ञान आहेत, नोंद सापडत नाही.

शमें ग्रेनिए गावातल्या घरात त्यांची आई भगवती तीन वर्षं गप्प होती. चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये एक दिवस भाजी निवडताना ती म्हणाली, "पुष्पा, तू जा. जित्ती असंल तर हाताला धरून आण. नसंल तर तसं येऊन सांग. पण कायतरी एक सांग मला. हे मधलं मला झेपत न्हाय."

पुष्पावतीनं त्याच आठवड्यात तिकीट काढलं. "जिनिव्हा म्हणजे काय चंद्र आहे?" असं शेजाऱ्यांना सुनावून, कामिनीची कार्डं रबरबँडमध्ये बांधून, ती मे महिन्यातल्या एका सोमवारी प्लेझांसच्या विमानतळावरून निघाली.

मंगळवारी सकाळी ती उतरली. स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात बॅग टाकली, तोंडावर पाणी मारलं आणि थेट कामिनीच्या पत्त्यावर गेली. तळ्याकाठच्या गल्लीतली पाच मजली इमारत. जिना मेण लावून लख्ख घासलेला, कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास. खालच्या खोलीतल्या राखणदार बाईनं दार उघडलं, पुष्पावतीकडं पाहिलं आणि उसासा टाकला.

"मॅडम, काल मी सांगितलं ना? मला आणखी काही माहीत नाही."

"काल मी इथं नव्हते," पुष्पावती म्हणाली. "मी आजच आले. मस्यू आन्द्रेची बायको कामिनी, तिची मी बहीण."

"काल तुम्ही दुसरंच नाव घेतलंत." बाईनं खांदे उडवले. "हे बघा, मस्यू एक्याऐंशीत जागा सोडून गेले. कुठं ते माहीत नाही. त्याच्या आधी त्यांची बायको, तुमच्याकडचीच, एका सकाळी शहर बघायला म्हणून बाहेर पडली, ती आलीच नाही. तिचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही. तेव्हा पुन्हा येऊ नका."

दार बंद झालं. पुष्पावती जिन्यात उभी राहिली. शहर बघायला म्हणून बाहेर पडली, हे शब्द तिला फार लागले, पण रडायला ती एवढ्या लांब आली नव्हती. आणि काल येऊन गेल्याचं म्हणाल, तर गोऱ्यांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो. तिनं ती धूळ समजून झटकून टाकली.

बुधवारी तिनं कार्डं तारखेप्रमाणे लावली आणि एकेक ठिकाण पायाखाली घालायला सुरुवात केली. शहर खरंच देखणं होतं, आणि हे मान्य करायला तिला राग येत होता. तळं निळंशार, त्यात पांढरे हंस, पलीकडं बर्फाचे डोंगर. कारंजं इतकं उंच, की वारा फिरला की काठावरच्या माणसांच्या तोंडावर तुषार यायचे. रस्ते धुतल्यासारखे. दुकानांच्या काचांमागं मखमलीवर घड्याळं निजवलेली. त्यातल्या कितींच्या पोटात आपल्या हातची माणकं असतील, असा हिशेब तिच्या मनात आला आणि तिनं मान जरा ताठ केली.

रेशमी रुमालांचं दुकान कार्डावरच्यासारखंच होतं. ती आत शिरली, तोच काउंटरवरची मुलगी लगबगीनं पुढं आली.

"नाही मॅडम, कालपासून तुम्ही म्हणता तशी बाई कुणी आली नाही. मी लक्ष ठेवून आहे."

पुष्पावतीनं काउंटरची कड धरली. "काल मी काय म्हटलं होतं?"

मुलगी गोंधळली. "तुम्ही फोटो दाखवलात ना. पांढरी टोपी घातलेली बाई, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली, कपाळाला टिकली. पुष्पावती नाव म्हणालात. तुम्ही गेल्यावर मी आईला सांगितलंसुद्धा, की त्या बाई स्वतःचाच फोटो दाखवून शोधतायत असं वाटलं."

असा फोटो जगात एकच होता. कारखान्याच्या वर्धापनदिनाला काढलेला. कामिनी लग्न करून गेली तेव्हा तो फोटो भिंतीवरून नाहीसा झाला होता, आणि तो कुणी नेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पुष्पावती खुर्चीवर बसली. मुलीनं पाणी आणलं. तिला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. कामिनी जिवंत होती. याच शहरात होती. ताई येणार असल्याचं तिला कुणीतरी कळवलं असणार, आणि आता ती वेडी ताईचा फोटो घेऊन दारोदार विचारत फिरत होती. दोघी फक्त एका दिवसानं चुकत होत्या. बस्स, एवढंच. गाठणं काही अवघड नव्हतं.

गुरुवारी तिनं क्रम मोडला. मधली सगळी ठिकाणं सोडून शेवटच्या कार्डावरच्या घड्याळांच्या म्युझियमला ती दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिली. बागेतला जुना बंगला होता. दार उघडायला आला तो पांढऱ्या मिशांचा रखवालदार तिला बघून ओळखीचं हसला.

"काल बंद व्हायच्या वेळेला आलात, आज उघडायच्या."

"काल आली ती माझी बहीण," पुष्पावती म्हणाली. "तिनं काय केलं, सगळं सांगा."

तो तिला वरच्या दालनात घेऊन गेला. तिथं एक उघडं घड्याळ भिंगाखाली ठेवलं होतं. "इथं बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, ही माणकं आमच्याकडची." पुष्पावतीनं वाकून पाहिलं. लाल थेंबांवर चाकं हलत होती. खोलीत शेकडो घड्याळांची टिकटिक चालू होती, एकीचं दुसरीशी जमत नव्हतं. जाताना त्यानं अभिप्रायांची वही उघडून दाखवली. कालच्या तारखेला कामिनीचं अक्षर होतं, तिरकं, घाईघाईचं. नाव, आणि पुढं पत्ता: शमें ग्रेनिए, मॉरिस.

सात वर्षं इथं काढून पोरीनं पत्ता गावचा लिहिला होता. पुष्पावतीला ते विचित्र वाटलं आणि तितकंच गोड वाटलं. तिनं तिथंच चिठ्ठी लिहिली: "कामिनी, उद्या शुक्रवारी दहा वाजता फुलांच्या घड्याळापाशी ये. येईपर्यंत मी हलणार नाही. पुष्पा." आणि रखवालदाराच्या हातात ती दिली.

शुक्रवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना ती तळ्याकाठच्या बागेत हजर होती. उतारावर फुलांची तबकडी, तिच्यावरून फिरणारे लांब काटे. ओल्या मातीचा वास. बसमधून प्रवासी उतरायचे, फोटो काढायचे, निघून जायचे. पुष्पावती एका जागी खांबासारखी उभी होती. येणारा प्रत्येक चेहरा तिनं खडे तपासावेत तसा तपासला. बारा वाजले. दोन वाजले. तिनं पिशवीतला पाव उभ्यानं खाल्ला. डोळे चुरचुरू लागले तरी तिनं ते मिटले नाहीत.

चार वाजून गेल्यावर बाकावरची एक म्हातारी, दिवसभर हंसांना पाव टाकत बसलेली, काठी टेकत तिच्याजवळ आली.

"गेली वाटतं?"

"कोण?"

"तुमच्याबरोबरची. आत्ताच गेली की." म्हातारीनं नापसंतीनं मान हलवली. "सकाळपासून खांद्याला खांदा लावून उभ्या होतात. एक शब्द बोलला नाहीत एकमेकींशी. बहिणींनी इतकं भांडू नये."

पुष्पावती धावली. फाटकापर्यंत, पुलापर्यंत, बोटींच्या धक्क्यापर्यंत. मग परत घड्याळापाशी आली आणि सहापर्यंत उभी राहिली. तिच्या डाव्या बाजूचं गवत दबलेलं होतं. दोन पावलांएवढंच.

शनिवारी सकाळी म्युझियमचा रखवालदार दारातच थांबला होता. आज तो हसला नाही. त्यानं घडी केलेला कागद पुढं केला.

"परवा संध्याकाळी तुमची चिठ्ठी नेली, काल पाच वाजता हा आणून दिला. मॅडम, तुम्हीच दिलात की तुमच्या बहिणीनं, मला शपथेवर सांगता येणार नाही."

अक्षर कामिनीचं.

"ताई, तुझी चिठ्ठी मिळाली आणि मी रडले. आज दहापासून चारपर्यंत घड्याळासमोर उभी होते. तू आली नाहीस. मस्यू आन्द्रेबरोबर तू लग्न करून गेलीस तेव्हा मी तुला वाटेल ते बोलले, तो राग अजून आहे का? तीन वर्षं तुझं कार्ड नाही. आये म्हणाली, जित्ती असंल तर हाताला धरून आण, नसंल तर तसं येऊन सांग. माझं विमान आज संध्याकाळी. मी आयेला काय सांगू? कामिनी."

पुष्पावतीनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

मग तिनं कागद मिटला. पोरीच्या डोक्यावर काही परिणाम झाला असेल. कुणी लग्न केलं, कोण गेलं, सगळी सरमिसळ. असू दे. ते घरी बसून निस्तरता येईल. कामिनी काल संध्याकाळी विमानात बसली होती. कामिनी घरी चालली होती. ज्यासाठी आपण आलो ते झालं होतं. आईला हे आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं.

ती जवळजवळ पळतच पोस्टात गेली. गावात सीतारामच्या दुकानात फोन होता. नंबर लागायला वीस मिनिटं लागली. सीतारामनं कुणालातरी आईला आणायला पाठवलं. तिकडं दुपारचे दोन वाजून गेले होते. फोनमधून बसचा हॉर्न ऐकू येत होता, कोंबडीचा आवाज येत होता.

"आये, मी बोलतेय. कामिनी येतेय बघ. कामिनी जित्ती आहे."

"कामिनी आली," आई म्हणाली. "मगाशीच उतरली. जेवायला वाढलंय तिला."

"आये!" पुष्पावती रडायला लागली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "बरी आहे ना ती? काय म्हणाली?"

"सांगितलं तिनं समदं. आठ दिस हिंडली बिचारी. तू जिथनं जिथनं कार्डं धाडलीस, तिथं तिथं जाऊन आली. तू कुठं घावली न्हाईस."

"मी कार्डं नाही धाडली. आये, मी पुष्पा. तूच मला पाठवलंस, भाजी निवडताना."

आईचा श्वास ऐकू येत होता. अगदी जवळून, कानाशी.

"आवाज तसाच हाय गं तुझा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आजारी लेकराच्या कपाळावर हात ठेवताना बोलायची तशी ती बोलत होती. "लई बरं वाटलं ऐकून. आत्ताच तुझ्या नावानं दिवा लावून आले मी."

"आये..."

"मो झांफां, माझ्या लेकरा, आता नको येऊस. कामिनी भिईल."

आणि तिनं फोन अगदी हळू ठेवला.