नाशपातीचे मोहरे

जाळ जरा कमी करा रे, नाहीतर आलुबुखार तळाला लागेल. आणि बसा. दारूची पहिली धार यायला वेळ आहे, तोवर सांगतो. मिलोये, तू मात्र दात काढायचे नाहीस. मी प्यालेलो नाही, भट्टीच अजून कोरडी आहे.

रादिसाव तुम्हाला ठाऊकच आहे. त्याला आयुष्यात एकच नाद होता, चाकूने बुद्धिबळाचे मोहरे कोरायचा. यंत्र नाही, काही नाही, नुसता चाकू. पांढरे मोहरे नाशपातीच्या लाकडाचे, काळे आलुबुखारच्या. विकले कधीच नाहीत. कुणाचं लग्न झालं, कुणाच्या पोराचं नाव ठेवलं, की मोहऱ्यांचा एक संच भेट द्यायचा. आमच्या घरातला राजा तेवढा जरा कललेला आहे. मी तक्रार केली, तर म्हणाला, "तुझ्या लग्नात तू असाच उभा होतास."

त्याचा मुलगा लाझार हाताशी आला, तेव्हापासून दोघं मिळून कोरायला लागले. बागेपलीकडे नदीकाठी त्यांची लाकडी खोप आहे ना, तिथे. त्याची बायको स्तामेना वैतागायची. चुलीला सरपण नाही आणि हे बापलेक राजे घडवत बसलेत, असं सगळ्या गावाला सांगत फिरायची. पण संध्याकाळ झाली, की कॉफीची किटली घेऊन तीच तिकडे जायची.

मग लाझार लाकूड वाहायचा तो ट्रक घाटात उलटला. मातीला तुम्ही सगळे होतात.

स्तामेना रडली, रडून मोकळी झाली. रादिसाव रडला नाही. पेटीवर माती लोटतानाही नाही. घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि गप्प झाला. खोपीला नुसती कडी असते, पण त्याने ती पुन्हा उघडली नाही.

गेल्याच्या गेल्या सालची गोष्ट. मित्रोव्दानच्या सणाआधीचा पितरांचा शनिवार, त्याची आदली रात्र. शुक्रवार. पितरांसाठी कबरीवर न्यायचे गहू तुमच्याही घरी तेव्हा शिजत असतील. स्तामेनाने गहू उतरवले, मध घातला आणि तिच्या लक्षात आलं की अक्रोड खोपीत राहिले. तिचे हात कणकेत होते. तिने रादिसावला सांगितलं. तो बसूनच राहिला.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "त्याच्या नावचे गहू आहेत. अक्रोडाशिवाय नेऊ का मी?"

तेव्हा तो उठला.

थंडी होती, वारा नव्हता. चांदणंही नव्हतं, पण वाट पायाखालची. बाग ओलांडली, तर खोपीच्या फटींतून उजेड दिसला. त्याला वाटलं, स्तामेना दुपारी दिवा विसरली असेल. तो पुढे गेला.

मग ऐकू आलं.

चाकू चालत होता.

लाकडावर चाकू चालवायची प्रत्येकाची एक लय असते. चालण्यावरून माणूस ओळखू येतो ना, तसंच ते. दोन आखूड काप. एक लांब. मग फुंकर.

दोन आखूड. एक लांब. फुंकर...

रादिसावचा हात कडीवर गेला. कडी बाहेरून लावलेली होती.

"लाझार?"

आवाज थांबला.

नदीसुद्धा ऐकू येईना. आत कुणीतरी... ऐकत होतं.

मग पुन्हा. दोन आखूड. एक लांब.

दार उघडलं तर आत काही उरणार नाही, हे त्याला कळलं. कसं कळलं, ते त्याला सांगता आलं नाही. त्याने कडीवरचा हात काढला आणि दाराशी, थंड मातीत बसला. पाठ फळीला टेकवली. फळीपलीकडे चाकू चालू होता.

तो बोलायला लागला. गाय विकल्याचं सांगितलं. आई रात्री उठून अंगणात उभी राहते, ते सांगितलं. त्या दिवशी पाऊस होता, तुला घाटात जाऊ नको म्हणायला आलो होतो, तर तू निघून गेला होतास, तेही. एवढं सांगितलं आणि तो रडला. फळीला डोकं लावून, लहान पोरासारखा. चाकू थांबला नाही. सावकाश झाला, एवढंच.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी रादिसाव म्हणाला, "पोरा... दमला असशील. ठेव आता."

लांब काप. फुंकर.

मग काहीच नाही.

फटींतला उजेड गेला.

स्तामेना कंदील घेऊन शोधत आली, तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिने कडी काढली. आत अक्रोडांची टोपली, बाक, अर्धवट राहिलेले मोहरे. बाकावर, मोहऱ्यांवर धूळ. धुळीवर बोटाचाही ठसा नव्हता. जमिनीवर एक ढलपी नव्हती. दिव्याची काच हाताला गार लागली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी गहू कबरीवर नेले. मेणबत्ती लावताना रादिसाव इतक्या दिवसांनी मोठ्याने बोलला, मी शेजारीच होतो. पुढे हिवाळाभर खोपीत बसून त्याने लाझारचा अर्धा राहिलेला संच पुरा केला. वसंतात शाळेतल्या पोरांना देऊन टाकला. मग आजारी पडला, आणि ईस्टरच्या आत गेला. त्या रात्रीचं मला त्याने इतकंच सांगितलं होतं.

बाकीचं स्तामेनाने सांगितलं, त्याला पुरून आल्यावर.

त्या रात्री रादिसाव टोपली उचलून बाहेर पडला. ती दिवा बघायला मागे थांबली. बाकावर लाझारचा चाकू होता. तिने सहज उचलला, तर पातं ओलं. कंदिलाजवळ नेलं. रक्त होतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याचे दोन्ही हात उजेडात धरले, एकेक बोट पाहिलं. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. तिने त्याला काही सांगितलं नाही.

"उंदराबिंदराचं असेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने नकाराची मान हलवली.

"स्रेतेन," ती म्हणाली, "ते रक्त गरम होतं."